नायलॉनचा फ्रॉक

अमवाज, बहारीन

प्रिय गॅविन,

सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी मॅडमच्या हॉलमध्ये धूळ पुसत होते. तिथे एक जुनं फ्रेंच चित्र आहे. खिडकीत बसून एक मूल साबणाचे फुगे उडवतंय आणि त्याच्या शेजारी कवटी ठेवलेली आहे. मॅडमनी एकदा कौतुकाने समजावलं होतं, की फुगा म्हणजे आपलं आयुष्य. दिसतं सुंदर, पण फुटलं की मागे काही राहत नाही. मी 'येस मॅडम' म्हटलं. आपल्या एरिकाबद्दल मी या घरात कुणाला सांगितलेलं नाही.

नवीन मयतांना जागा हवी म्हणून आज तिची कबर उकरली, असं तू सांगितलंस. एवढ्या लहान बाळाची हाडंसुद्धा उरत नाहीत म्हणे. तिच्या पहिल्या वाढदिवसासाठी मी इथून पाठवलेला गुलाबी फ्रॉक मात्र जसाच्या तसा निघाला. त्यातच तुम्ही तिला पुरलं होतं. मला तेव्हा रजा मिळाली नव्हती.

फ्रॉकचं काय करू, असं तू विचारलंस आणि मी काम आहे म्हणून फोन ठेवला. उद्या तुला 'ठेव' एवढंच सांगेन. हे पत्र पाठवणार नाही.

तिला पुरलंत तेव्हा तू म्हणाला होतास, फ्रॉक तिच्या पायांच्याही खाली जात होता, दुमडून टाचण्या लावाव्या लागल्या. दुकानात तिच्या मापाचाही होता रे. मीच मुद्दाम वाढत्या अंगाचा घेतला.

तुझी,
सिल्व्हिया