तबकडीच्या पहिल्या बाजूविषयी

मी, सहदेव गंगाराम परब, वय वर्षे अडुसष्ट, धंदा वकिली (आता बंद), राहणार कट्टा, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, हा लेख माझ्या हाताने व माझ्याच विचाराने लिहीत आहे. माझ्या पश्चात हेच माझे अखेरचे म्हणणे समजावे. बुद्धी शाबूत असल्याचा पुरावा कोणी मागितल्यास असा द्यावा : आज सकाळी पेटीवर सूर धरून मी गायलो आणि माझा आवाज त्याच्या अर्धा सूर खाली राहतो हे मला स्वच्छ ऐकू आले. ज्याला स्वतःचा बेसूर ऐकू येतो त्याला भ्रमिष्ट म्हणता येणार नाही.

मला मूलबाळ नाही. पत्नी काशीबाई १९३१ साली वारली. वारस म्हणावी अशी एकच, धाकटी बहीण सुगंधा, सध्या मिठबावास आपल्या सासरच्या घरी. तिचे-माझे बोलणे अकरा वर्षे बंद आहे. माझ्या मालमत्तेची विल्हेवाट चार ओळींत लागेल. लेख लांबतो तो एका गाण्यापायी. ते गाणे माझ्या नावावर चालते आणि ते माझे नाही. सुगंधा हे कोणास सांगणार नाही. मी न सांगता गेलो तर खोटे कायम होईल.

कलम १. कट्ट्याचे राहते घर, मागची विहीर आणि काजूची बाग सुगंधास द्यावी. ती नको म्हणेल. मी जिवंत असताना दिलेला नकार मृत्युपत्रास बाधक नाही. तिने माझ्या मृत्यूनंतर पुन्हा नाकारावे.

कलम २. कायद्याची पुस्तके मालवणच्या कोर्टातील वकिलांच्या खोलीत ठेवावीत. ज्या सहकाऱ्यांनी मला पाठीमागे ‘भजनी वकील’ म्हटले त्यांनाही ती वाचण्यास मोकळीक आहे. त्यांना गरज अधिक.

कलम ३. पायपेटी आणि पखवाज गुणाजी तुकाराम गावडे यास द्यावा. चौतीस वर्षे त्याने मला साथ केली आणि माझी लय सुटली की आपली चूक असल्यासारखी मान खाली घातली. ज्यास लाभ त्याने साक्ष घालू नये हा माझा जन्मभराचा दंडक, म्हणून तो येथे साक्षीदार नाही. यावर त्याचे म्हणणे, “वकीलानू, पखवाज आधीपासून माझ्याच घरात आसा. तुमी माका माझोच पखवाज देतास!” हरकत खरी आहे. तरी कलम राहू द्यावे.

कलम ४. माझी गाणी. वहीत एकूण एकेचाळीस आहेत. चाळीस मी रचली, चाली मी बांधल्या, सप्त्यांत आणि जत्रांत मीच गायली. त्यांत यमक चुकलेले नाही, मात्रा चुकलेली नाही आणि एकही कोणाच्या तोंडी बसलेले नाही. पक्षकाराची बाजू मांडावी तशी मी ती देवापुढे मांडली. एकेचाळिसावे ‘दर्याची गाज’. ते सुगंधाचे.

ती विसाव्या वर्षी विधवा होऊन समुद्रकाठच्या मिठबावाहून माझ्याकडे आली आणि एकोणीस वर्षे माझे घर तिने सांभाळले. पहाटे ती जात्यावर बसे. कट्ट्यास समुद्राची गाज ऐकू येत नाही, हेच तिच्या ओव्यांत फिरून फिरून येई. जात्याच्या घरघरीत ती गाज शोधी. मी दाराआड बसून त्या ओव्या उतरून घेई. अकरा ओव्या भरल्या. तिला हे ठाऊक होते. मी असलो की ती अंमळ सावकाश गाई, इतकेच.

१९५४ च्या सप्त्यात दुपारच्या वेळी आमची बारी बांद्याच्या बाबली बुवांशी लागली. एका बुवाने गावे, दुसऱ्याने त्यात खोट काढावी, हा त्या खेळाचा रिवाज. मी ‘दर्याची गाज’ गायली, शेवटची ओवी सोडून. मांडव गप्प झाला. माझ्या गाण्याने मांडव गप्प झाला असा तो एकच प्रसंग. मग बाबली बुवा उठले.

“वकीलानू, गाणा झकास! पण कोणाचा ता सांगा बघू. बायलमाणसाच्या जात्यावरसून उचलून तर आणूक नाय मां?”

माणसे हसली. सुगंधा बायकांत तिसऱ्या रांगेत बसली होती. भजनाच्या अखेरच्या चरणात रचणाऱ्याचे नाव यावे लागते. जात्यावरच्या ओवीत गाणारी स्वतःचे नाव घालीत नाही. ‘हे माझ्या बहिणीचे’ एवढे तीन शब्द पुरेसे होते. मी पेटी ओढली आणि जागच्या जागी चरण जुळवला, ‘सहदेव म्हणे ऐका, गाज ही अंतरीची’. टाळ्या पडल्या. बाबली बुवांनी हात जोडले. बारी मी जिंकली.

१९५६ साली गुणाजीस घेऊन मी बोटीने मुंबईस गेलो आणि दोन गाण्यांची तबकडी मुद्रित करविली. एका बाजूस तीन मिनिटे मिळत. अकरा ओव्या मावणे अशक्य. मी चार निवडल्या. शेवटी जागा एकाच कडव्याची उरली. तेथे सुगंधाची शेवटची ओवी घ्यावी की माझ्या नावाचा चरण, हा प्रश्न होता. विचारास सबंध दुपार मिळाली होती, म्हणून मांडवातल्या घाईची सबब येथे चालत नाही. मी माझे नाव घेतले.

तबकडी घरी आली. सुगंधाने ती उभ्यानेच ऐकली.

“दादा, शेवटाक ह्या काय ता?”

“भजनाक नाव लागता गो.”

“लागता तर लागता,” ती म्हणाली, आणि भात वैरायला गेली. आठव्या दिवशी ती मिठबावास निघाली. मी तिला मुद्देसूद उत्तर दिले होते. त्यानंतर या घरात माझ्या मुद्द्याला उलट मुद्दा आलेला नाही. जाते तिने नेले नाही. ते तेव्हापासून फिरलेले नाही.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूस माझे स्वतःचे गाणे आहे. पहिली बाजू गावोगाव वाजून झिजली. माझ्याकडच्या प्रतीची दुसरी बाजू कोणीही तपासावी. तिच्यावर ओरखडासुद्धा नाही.

सबब मी जाहीर करतो की ‘दर्याची गाज’ या गाण्याचे शब्द व चाल सर्वस्वी सुगंधाची आहे. मी तिला ते मृत्युपत्राने देत नाही, कारण जे आपले नाही ते देता येत नाही. कट्ट्याच्या भजन मंडळाने यापुढे माझ्या नावाचा चरण गाऊ नये आणि बारीत कोणी विचारल्यास तिचे नाव सांगावे.

कलम ५. पहिले साक्षीदार बाबली बुवाच असावेत. निरोप गेला तेव्हा ते स्वतः आले आणि म्हणाले, “तेरा वर्सांनी हरलंय म्हणान कबूल करतास काय, वकीलानू?” मी म्हणालो, होय. ते हसतील असे वाटले होते. ते म्हणाले, “माका तेवाच कळला होता. तुमका असली ओवी सुचाची नाय. पण टाळयो पडल्यार मी काय करतलंय?” आणि बराच वेळ माझ्या ओटीवर बसून राहिले. या ओटीवर इतका वेळ कोणी बसल्याला फार दिवस झाले होते.

पुरवणी. येथपर्यंतचा मसुदा मी गेल्या रविवारी गुणाजीबरोबर मिठबावास पाठविला. त्याने तो सुगंधास वाचून दाखविला. परत आल्यावर मी विचारले, ती हसली की रडली?

“हसाक नाय, रडाक नाय. कुळथाची पिठी वाढल्यान आणि जेव म्हटल्यान.”

मग तिचा निरोप त्याने सांगितला. तो तिच्याच शब्दांत उतरवितो :

“घर नको, बाग नको. माझा नाव बारीत घेवन मी काय करू? दादाक इचार, माझी शेवटची ओवी वहयेत आसा काय. माका ती येणा नाय. आठवूक गेलंय की तबकडीतलाच तोंडार येता, सहदेव म्हणे.”

वकिलीच्या सबंध काळात इतकी पुरी शिक्षा मी कोणास झालेली पाहिली नाही, आणि ती माझ्याऐवजी तिला झाली आहे. तिने मागितले तेवढेच देणे माझ्या हाती आहे. वर कलम ४ लिहिताना ही ओवी मी टाळली. टाळण्याचे कारण ओवी वाचताच कळेल. वही गुणाजीबरोबर आजच मिठबावास जाईल. वाटेत तिचे काही झाले तर येथे नक्कल असावी, म्हणून लिहितो :

सरले दळण बाई, सुपात चार दाणे,
सहदेव बंधू माझा, त्याच्या गळा माझे गाणे.

वरील मजकूर मी वाचला, तो खरा आहे.

सही : सहदेव गंगाराम परब

साक्षीदार :
१. बाबली रामा धुरी, राहणार बांदा
२. बाळा सखाराम मेस्त्री, सुतार, राहणार कट्टा

मुक्काम कट्टा, गुरुवार, ता. ९ नोव्हेंबर १९६७