चार वाजताचा कॉल

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ६.००
नवी वही, नवी सुरुवात. काल गुडगावहून सेलूला पोचलो. ३१ ऑक्टोबरला राजीनामा दिला. एकूण नोकरी पाच महिने अकरा दिवस. एवढ्या मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत लोक शिरायला तडफडतात आणि मी स्वतःहून बाहेर पडलो. ह्याला हिंमत लागते. ह्याला स्ट्रॅटेजिक एक्झिट म्हणतात.
घरी सध्या 'वर्क फ्रॉम होम' सांगितलंय. बाबांनी विचारलं किती दिवस. मी म्हटलं प्रोजेक्ट संपेपर्यंत. हे खोटं नाही. सध्या मीच माझा प्रोजेक्ट आहे.
संकल्प: एक, रोज पाचला उठणे. दोन, महिन्याभरात तीन ऑफर. तीन, शुक्रवारपर्यंत बाबांना सगळं सांगणे.
६.२०. थोडं पडतो. प्रवासाचा थकवा आहे.

त्याच दिवशी, दुपारी
पाणी मागितलं तर आईने नेमका तोच गिलास दिला. मे महिन्यात मला नोकरी लागली तेव्हा बाबांनी समाजात दीडशे स्टीलचे गिलास वाटले. आमचं भांड्यांचं दुकान, नाव टाकायची मशीन घरचीच. स्वतः बसून प्रत्येक गिलासावर टाकलं: 'चि. नीलेश प्रभाकरराव वैरागडे यास गुडगाव येथे कन्सल्टिंग ऑफिसर पद मिळाल्याप्रीत्यर्थ सप्रेम भेट.' मजकूर एवढा लांब की गिलास गोल फिरवत वाचावा लागतो. मी तेव्हाच म्हटलं होतं की अशी पोस्टच नाही, मी ॲनालिस्ट आहे. बाबा म्हणाले, ॲनालिस्ट म्हटलं की लोकायले रक्त तपासणारा वाटते.
सेलूत आता कुठेही पाणी प्या, मी हातात येतो.

५ नोव्हेंबर, बुधवार
ऑफिस सेट केलं. दुकानाच्या वरची माल ठेवायची खोली. एका बाजूला कुकर, एका बाजूला पराती, मध्ये माझी खुर्ची. जमिनीत एक चौकोनी भोक आहे, त्यातून माल दोरीने खाली दुकानात सोडतात. व्हेंटिलेशन उत्तम.
दुपारी चारला पहिला कॉल घेतला. म्हणजे हेडफोन लावून चाळीस मिनिटं बोललो. पलीकडे कोणी नव्हतं, पण इंग्रजीची प्रॅक्टिस राहते. 'लेट्स अलाइन ऑन धिस' चार वेळा म्हटलं. आई चिवड्याची वाटी घेऊन चवड्यांवर आली आणि तशीच गेली. खाली बाबा एका बाईला सांगत होते की जरा हळू ठेवा, वर पोराचा कॉल चालू आहे. भांड्यांच्या दुकानात हळू! बिचारी बाई घागर न वाजवता कशी बघणार? दोन न वाजवता बघून निघून गेली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
कंपनीची मेल: लॅपटॉप ताबडतोब परत करा. पाच महिन्यांत त्यांनी मला इतक्या तातडीने पहिल्यांदाच काही लिहिलं.
हाताशी खोकं पाच लिटर कुकरचं होतं. त्यात पॅक करून चंद्रभानच्या कुरिअरवर नेलं. तो विचारतो काय आहे. मी कुकर म्हटलं. तो म्हणे गुडगावात कुकर मिळत नाही का. मी म्हटलं, सरांना आपल्याच दुकानचा पाहिजे. पत्त्यात कंपनीचं नाव आणि खाली 'एम्प्लॉयी एक्झिट, ॲसेट रिटर्न' लिहावं लागलं. चंद्रभानने ते दोनदा वाचलं आणि पावती दिली. त्याला काही समजलं नाही. तसा तो एम.ए. इंग्लिश आहे, पण प्रॅक्टिस नाही.
संध्याकाळी तो नेहमीसारखा बाबांसोबत चहा प्यायला आला. बराच वेळ बसला.
बाबांना आज सांगायचं होतं. पण तुळशीची लग्नं झाली की लग्नसराई, बाबा दिवसभर आहेराच्या भांड्यांवर नावं टाकत होते. कामाच्या माणसाला डिस्टर्ब करणं प्रोफेशनल नाही. डेडलाइन पुढच्या शुक्रवारी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
नेटवर्किंगसाठी हेमराजकडे गेलो. दहावीपर्यंत आम्ही एका बेंचवर. आता त्याचं मोबाईलचं दुकान आहे. बस म्हणाला, पाणी दिलं (तोच गिलास, मी मजकुराची बाजू तळहाताखाली घेतली). मग गिऱ्हाईक, मग अजून गिऱ्हाईक. एक तास स्टुलावर बसलो. मध्ये एकदा त्याने विचारलं कधी परत चालला. मी लवकरच म्हटलं. तो म्हणाला, तुझं बरं आहे बाप्पा, लाइफ सेट. मग एका काकूंना काच बदलून दिली. मी निघालो ते त्याला बहुतेक कळलं नाही.
परत येताना स्टेशनपर्यंत तीन चकरा मारल्या. फिटनेस.
समीक्षाला मेसेज टाकला. गुडगावला ती माझ्या शेजारच्या डेस्कवर बसायची. 'हाय, टीम कशी आहे?' फक्त दोन निळ्या टिक्स आल्या. क्वार्टर एंड असेल. क्वार्टर सप्टेंबरला संपतं, पण कामं रेंगाळतात.
तिथे सगळे मला नील म्हणायचे. मी एकदा नीलेश म्हणून सांगून पाहिलं. 'शुअर, नील' म्हणाले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
डेडलाइन. बाबांना सांगण्याआधी त्यांचा विश्वास कमवावा म्हणून दुकानाची स्ट्रॅटेजी बनवली. लॅपटॉप नसल्याने कागदावर, बावीस पानं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, हे तांब्याचं बूड धरतं का जरा, हात हलून राह्यला. चष्म्याचा नंबर वाढलाय त्यांचा, मागच्या आठवड्यात एका नवरीचं नाव चुकलं आणि दुसरं ताट द्यावं लागलं.
मी म्हटलं आत्ता बँडविड्थ नाही, चारला कॉल आहे.
कॉल चांगला झाला. सांगायचं राहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आज चार वाजता लाइट गेली. पंखा बंद, खालची मशीन बंद, रस्त्यावरही सामसूम. तरी शिस्त म्हणून कॉल घेतला.
'लेट्स अलाइन' म्हणालो आणि पुढे इंग्रजी सुचेना. मग मराठीत बोलत गेलो. कोणाशी, माहीत नाही. म्हटलं, राजीनामा मी दिला हे खरं, पण दोन महिने मला कुठल्या प्रोजेक्टवर घेतच नव्हते. म्हटलं, तुम्ही सगळे एकच्या ठोक्याला उठून जेवायला जायचे आणि मी स्क्रीनकडे बघत राहायचो, वाटायचं आज कोणी म्हणेल, चल. पाच महिन्यांत कोणी म्हटलं नाही. डबा मी जिन्यात बसून खायचो, सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये. आईला फोनवर सांगायचो की आज टीम लंच होतं.
कॉल मध्येच कट केला. धुळीची ॲलर्जी.
सुदैवाने लाइट नव्हती म्हणून दुकानात गिऱ्हाईक नसावं. खाली अगदी आवाज नव्हता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
डेडलाइन. आज नक्की. सकाळी आठला खाली गेलो, मनात तीन मुद्दे तयार. बाबा एकटेच होते. मी सुरुवात केली की मार्केट सध्या ट्रान्झिशनमध्ये आहे.
बाबा म्हणाले, "चंद्रभाननं त्याच दिवशी सांगतलं मले. म्या म्हटलं, सांगन तो आपल्या तोंडानं."
माझे तीनही मुद्दे गेले. मी वाट पाहिली की आता दीडशे गिलासांचं काढतील, समाजात तोंड कसं दाखवू म्हणतील. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसला. मग छताच्या त्या चौकोनी भोकाकडे बघत विचारलं,
"पाच महिने कोनीच जेवाले नाई बोलावलं का रे तुले?"
मी म्हटलं, त्यांचं शेड्यूल फार टाइट असतं.
बाबा हो म्हणाले. दुपारी एकला त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, जे ते कधी करत नाहीत, आणि मला म्हणाले, चाल. दोघं जेवलो. आईने गिलास साधे ठेवले होते, बिननावाचे.

२४ नोव्हेंबर, सोमवार
आता सगळं क्लिअर आहे. नवीन संकल्प: कॉल कायमचे बंद. खोटं बोलणं बंद. ऑफर येईपर्यंत दुकानात बसणे.
सकाळपासून मशीनवर बसलो. माझं अक्षर बाबांपेक्षा बरं आहे. पहिल्या ताटावर 'सपना' नीट आलं. बाबांनी ते ताट उजेडात धरून पाहिलं आणि खुश झाले. कितीतरी दिवसांनी वाटलं की आपण कुठेतरी आहोत.
चारच्या सुमाराला बबनराव आले, समाजाचे अध्यक्ष. नोकरी लागली तेव्हा माझा सत्कार ह्यांच्याच हस्ते झाला होता. मला मशीनवर बघून थबकले. विचारलं, पोरगा अजून इथंच का, गेला नाही गुडगावले? मी मान वर केली. खरं सांगायचं ठरलंच होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाच बोलले.
म्हणाले, "नाई जी, घरून काम करून राह्यला. हे असंच, हौस म्हणून बसला. चार वाजता कॉल असते त्याचा."
आणि माझ्याकडे न बघता परातींचा ढीग सारखा करू लागले. त्यांचे कान लाल झाले होते.
घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. मी मशीन बंद केली, बबनरावांना नमस्कार केला, उशीर झाला म्हणालो आणि वर गेलो. खुर्चीवर बसलो. खाली बाबा बबनरावांना सांगत होते की जरा हळू ठेवा.
भांड्यांचा आवाज थांबला. मी हेडफोन लावला आणि हॅलो म्हटलं.