हिरवी खूण आणि आक्काचा काठ

शहापूर, मंगळवार संध्याकाळ

धाकट्या भावाची, सुरेशची हार्ड डिस्क बसली आणि साडीच्या काठाचं डिझाइन गेलं. परवा लग्नाच्या साड्या मागावर चढायच्यात. ‘शंभर टक्के परत’ म्हणणारं सॉफ्टवेअर लावलं. फायलीपुढे हिरवी खूण, ‘स्थिती उत्तम’. उघडली तर नुसता करडा चौकोन. मग उत्तम कुणाची?

‘अण्णा, खूण हिरवी हाय की,’ सुरेश म्हणाला.

‘असल्या जाहिराती मी लिहिल्यात रं.’ तरी ती हिरवी खूण मीही पुन्हा पुन्हा बघत होतोच. कशाला?

शेवटी आमची थोरली आक्का पुढं आली. ‘त्योच काठ माझ्या अंगावर हाय. धागे मोजा. पूजा हाय, साडी सोडणार न्हाय.’

भिंग घेऊन दोघं भाऊ तिच्या पायाशी बसलो. अर्धा काठ चौकटीच्या कागदावर उतरला, तेवढ्यात दूध वर आलं आणि डिझाइन स्वयंपाकघरात पळालं.