मावशीला विचारा

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (हल्ली खाली वाकलो की उठवायला माणूस लागतो, म्हणून हा उभ्याउभ्याच गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांना अजून फक्त सोयीचंच ऐकू येतं का? आम्ही सगळे बरे आहोत, बायको माझ्यापेक्षा जास्त बरी आहे.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे, वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या आमच्या कंपनीला आता एक बडी कंपनी विकत घेते आहे. ते ठीकच आहे, कधीतरी हे व्हायचंच होतं. पण त्यांच्या मोठ्या साहेबांना आमच्या सॉफ्टवेअरमधलं 'मावशीला विचारा' हे बटण काढून टाकायचंय आणि माझा जीव त्यातच अडकलाय. 'हे बटण का आहे, ते कंपनीच्या इतिहासासकट लिहून द्या,' असं त्यांनी फर्मावलंय. तो इतिहास आधी तुला सांगतो. चुकलं तर कान धरायला तूच आहेस.

तुला आठवत असेल, मी आणि माझा भागीदार (तू ज्याला 'लांबोडा' म्हणायचीस तो, अजून लांबोडाच आहे, फक्त आता पोट आलंय) तुझ्या वाचनालयात खिडकीपाशी ठाण मांडून बसलो होतो. वाचनालय कसं चालतं ते बघायचं आणि जसंच्या तसं कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं, असा आमचा बेत. दुसरं एखादं वाचनालयही बघून यावं, हे दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही. तू दुपारी डबा खाऊन जरा डोळा लावायचीस, म्हणून आमचं सॉफ्टवेअरही दुपारी डोळा लावायचं. पहिलं गिऱ्हाईक एका इस्पितळाचं वाचनालय, आणि तिथल्या डॉक्टरांना नेमकी दुपारीच सवड! त्यांनी आमची जी हजेरी घेतली, ती तुला सांगण्यासारखी नाही. (झोप आम्ही काढून टाकली. लांबोड्याला अजून वाईट वाटतं.)

मुदत उलटलेल्या पुस्तकांसाठी जे निरोप जायचे, तेही तुझ्याच तोंडचे. 'पुस्तक परत करायचं लक्षात आहे ना, की येऊ मी घरी?' हा निरोप एका कॉलेजात थेट प्राचार्यांना गेला. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी फोनवर आम्हाला असं फैलावर घेतलं की लांबोडा ऐकताऐकता खुर्चीतून उठून उभा राहिला. संध्याकाळी त्यांचाच पुन्हा फोन. प्राचार्य स्वतः पुस्तक घेऊन आले होते, शिवाय विद्यार्थी असताना ढापलेलं एक जुनं पुस्तकही मुकाट्याने टेबलावर ठेवून गेले होते. 'ते वाक्य बदललंत तर याद राखा,' असं बजावून बाईंनी फोन ठेवला.

आता बटणाची गोष्ट. लांबोड्याने तुला विचारलं होतं, की पुस्तक एक तर कपाटात असतं, नाहीतर वाचकाच्या घरी. दोन्हीकडे नसेल तर काय करायचं? तू मान वर न करता म्हणालीस, 'मग मला विचारायचं.' त्याने ते इमानदारीत टाइप केलं, मी इमानदारीत तपासलं, आणि गावोगावच्या वाचनालयांत प्रत्येक पुस्तकापुढे तीन बटणं उमटली: कपाटात, वाचकाकडे, मावशीला विचारा. चूक लक्षात आल्यावर आम्ही ते काढायला निघालो, तर ग्रंथपालच खवळले. टेबलाच्या पायाखाली टेकू दिलेलं पुस्तक, बाइंडिंगला जाऊन तिथेच रमलेलं पुस्तक, अध्यक्षांच्या सासूबाईंनी नेलेलं आणि मागायची कोणाची छाती नसलेलं पुस्तक, ही सगळी बिचारी त्या बटणाखाली सुखाने नांदत होती. 'हरवले' असं लिहायला कोणाचा हात धजत नाही गं. 'मावशीला विचारा' म्हटलं की पुस्तक अजून घरातलंच वाटतं.

खरं सांगू? कामात काही अडलं की मीसुद्धा ते बटण नुसतं उघडून बघत बसतो. तुझ्या टेबलापाशी उभा राहिल्यासारखं वाटतं आणि धीर येतो. हे साहेबांना लिहून देता येत नाही, म्हणून तुला लिहिलं.

गुडघ्याला जप. काकांना मोठ्याने नमस्कार सांग.

तुझा,
अजूनही तुलाच विचारणारा भाचा

ता. क. साहेब म्हणाले, 'मावशी खरी असेल आणि विचारल्यावर उत्तर देत असेल, तर बटण ठेवू.' मी ताबडतोब तुझा नंबर देऊन मोकळा झालो. सोमवारी सकाळी ते एका वाचनालयात बसून, तिथल्या ग्रंथपालांना तुला फोन करायला लावणार आहेत. रागावू नकोस आणि घरातून हलू नकोस.

ता. ता. क. ते वाचनालय तुझंच आहे. म्हणजे फोन करणार तुझ्या जागी आलेल्या बाई, ज्यांनी तुझं टेबल हलवलं म्हणून तू त्यांच्याशी बोलणं टाकलंयस. त्यांचं नाव नुसतं कानावर पडलं तरी तू फोन आपटतेस, हे साहेबांना ठाऊक नाही. पण एक सांगतो. सगळ्या वाचनालयांत ते बटण सर्वात जास्त दाबलेलं आहे ते त्यांच्याकडे. मला शंका आली म्हणून मी जाऊन बघून आलो, तर एकूणएक पुस्तक कपाटात जागच्या जागी. बाईंना विचारलं, तर त्या खाली बघत म्हणाल्या, 'फोन करायला काहीतरी कारण नको का? रोज ठरवते आणि रोज घाबरते.'

मावशी, फोन उचल.