भाऊजींच्या हाकेचं बटण

धुळे,
१५ जुलै २०२५

चि. प्रेमराज यास अक्काचे अ. उ. आ.

फोनवर तुझा आवाज माझ्या कानापर्यंत येत नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं डोळ्यांना सोसत नाहीत, म्हणून आपलं पत्रच बरं. परवा तू जळगावहून खास येऊन यांच्या उशाशी बटण बसवून गेलास, तेव्हापासून देवापुढे दिवा लावताना तुझं नाव आपोआप ओठावर येतं. हे डाव्या हाताने बटण दाबतील, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा भूषणचा जुना टॅब लाल होईल, आणि मला ऐकू आलं नाही तरी दिसेल. ही युक्ती ज्याला सुचली त्याचं भलं होवो.

पण बाबा, टॅब काही लाल होत नाही. हे दाबतात, बटणावर तुझा तो हिरवा दिवा लागतो, आणि मी आपली भाकरी थापत बसते. काल हे दाबून दाबून कंटाळले आणि रुसून तोंड भिंतीकडे केलं.

म्हातारी उगीच घाई करते असं समजू नकोस. गेल्या महिन्यात हे पलंगावरून घसरले. उजवं अंग लुळं, तोंडातून शब्द निघत नाही. हाताला लागलेला तांब्या फरशीवर आपटत राहिले. शेजारच्या प्रमिलाबाई तो आवाज ऐकून धावत आल्या आणि मी पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडत बसलेली. हे कळल्यापासून आमच्या भूषणने ठरवलंय की श्रावणात कानबाईच्या सणाला येईन आणि देवी उठली की घराला कुलूप लावून दोघांना नाशिकला नेईन. पोरगा चुकीचं बोलत नाही. पण अंगणातला कडुलिंब दिसल्याशिवाय यांना घास जात नाही, सातव्या मजल्यावर मी काय दाखवू? बटण चाललं तर मला त्याच्याशी बोलायला तोंड राहील. तेवढं बघ.

तू न जेवता गेलास, ते मी विसरलेले नाही. लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का,
ताईबाई


मेहरूण, जळगाव,
१८ जुलै २०२५

ती. स्व. अक्कास प्रेमराजचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मान खाली गेली. हिरवा दिवा लागला म्हणजे काम झालं, असं समजून मी बस गाठली. तो दिवा फक्त वायफाय मिळाल्याचा असतो, हे मेघाने आता सांगितलं. पोरगी कॉलेजात हेच शिकते आणि बाप तिला न विचारता धुळ्याला जाऊन आला, यावर घरात माझी बरीच थट्टा झाली.

ती म्हणते, वायफायच्या डब्यातून दोन बँड निघतात. एक सावकाश, पण भिंती ओलांडून मागच्या खोलीपर्यंत जातो. दुसरा वेगवान, पण एका भिंतीतच दमतो. आपल्या बटणाला सावकाशच तेवढा समजतो. टॅब वेगवान बँडवर असणार, म्हणून दोघांची गाठ पडत नसावी. डब्याला दोन नावं आहेत एवढं मी तिला सांगितलं. तिच्या मते टॅबही बटणाच्याच नावावर न्यावा. बटण मी ‘पाहुणे’ या नावावर जोडलं आहे. पासवर्डचा कागद दारामागे चिकटवलेला आहे. प्रमिलाबाईंना हाताशी घे.

आई गेल्यावर तू मला कडेवर घेऊन विहिरीवर जायचीस, डोक्यावर हंडा असायचा. त्या कडेवरच्या पोराला तुझ्यासाठी एक बटण चालू करता येऊ नये, याचं वाईट वाटतं. रोज सकाळी पूजेत एवढंच मागतो की तुझं दार उघडं राहावं.

भाऊजींच्या पायांवर माझं डोकं. आशीर्वादाचा हात काढून घेऊ नकोस.

तुझा,
प्रेमराज


धुळे,
२२ जुलै २०२५

चि. प्रेमराज यास अक्काचे अ. उ. आ.

टॅब ‘पाहुणे’वर नेला. प्रमिलाबाईंनी चष्मा पुसून पुसून एकेक अक्षर दाबलं. तरी काही नाही. बटणाला नारळ फोडायचा तेवढा बाकी राहिलाय, असं त्या म्हणतात.

भूषणने त्यांच्या फोनवर निरोप दिला की सामानासाठी ट्रक ठरवला आहे. मी भांडी काढून पोत्यात भरायला घेतली. यांनी डोळ्यांनीच विचारलं, हे काय. कानबाईसाठी घासायला काढलीत, असं मी सांगून टाकलं. त्यांच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही. त्यांनी ओळखलंच असेल.

मेघाला म्हणावं, आत्याने तुझे उपकार मानलेत. जमलं तर ठीक, नाही तर देवीची इच्छा. माया आहे तशी असू दे.

अक्का


मेहरूण, जळगाव,
२५ जुलै २०२५

ती. स्व. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मेघाने स्वतः वाचायला मागितलं आणि ‘पाहुणे’ हा शब्द आला तशी कपाळाला हात लावला. मी तिला नावं दोन आहेत म्हणालो होतो, कोणती ते सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं एक नाव एका बँडचं, दुसरं दुसऱ्याचं. तसं नाही. ‘पांझरा’ हे तुमचं घरचं नाव दोन्ही बँडवर आहे. कोणी सावकाश येवो की वेगाने, घरात एकमेकांना भेटतात. बँड वेगळे असणं ही अडचणच नव्हती.

‘पाहुणे’ हे नाव भूषणने कानबाईच्या गर्दीसाठी केलेलं. त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळतं, पण घरातल्या वस्तू दिसत नाहीत. एक पाहुणा दुसऱ्या पाहुण्यालाही दिसत नाही. टॅब तिकडे नेऊन आपण दोघांना वेगवेगळ्या खोलीत कोंडलं.

मग तिने विचारलं की मी ते नाव घेतलंच का. त्या दिवशी भाऊजी डाव्या हाताने पाटीवर घरचा पासवर्ड लिहायला लागले होते आणि मीच त्यांचा हात धरून थांबवलं. बहिणीच्या घरी आपण अंतर राखून राहावं, तिथलं काही मागू नये, हे वडिलांपासून अंगात मुरलेलं. दारामागचा कागद पुरे, म्हटलं.

आता असं कर. बटण दाबून धर, दिवा उघडझाप करू लागला की टॅबवरून त्याच्यासाठी ‘पांझरा’ निवड, पासवर्ड भाऊजी पाटीवर लिहून देतील. टॅबही ‘पांझरा’वर परत आण, तो वेगवान बँडवर राहिला तरी चालेल. भाऊजींना माझा नमस्कार सांग. चुकल्याबद्दल रागाव, पण दूर लोटू नकोस.

प्रेमराज


धुळे,
५ ऑगस्ट २०२५

चि. प्रेमराज यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तू लिहिलंस तसं केलं. यांना खूण करून मी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले आणि टॅब असा लाल झाला की मला वाटलं काही पेटलं. धावत गेले, तर हे हसत होते. अर्ध्याच तोंडाने, पण दुखण्यात पडल्यापासून पहिल्यांदा.

भूषणला मी काहीच कळवलं नाही. तो शनिवारी आला. रविवारी कानबाई बसली, घर भाऊबंदांनी भरलं. देवीच्या प्रसादाच्या रोटाची कणीक मळत होते, दोन्ही हात परातीत, तेवढ्यात टॅब लाल झाला. तशाच हातांनी गेले. यांची उशी सरकून मान अवघडली होती. भूषण दारात उभा होता. बापाने बटण दाबलेलं त्याने पाहिलं, आई आलेली पाहिली. माझे हात कणकेचे म्हणून उशी त्यानेच नीट केली. सोमवारी देवी उठल्यावर त्याने ट्रकवाल्याला नको म्हणून कळवलं आणि मला पाटीवर लिहून दाखवलं की दिवाळीपर्यंत बघू. आज सकाळी एकटाच नाशिकला गेला. दिवाळी तर दिवाळी, देवीने दिलं तेवढं पुष्कळ. भांडी पुन्हा फळीवर मांडली.

आता तुझं. आमचे रोट भाऊबंदांनीच खायचे, तुला चालत नाहीत, ते देवीचं, त्यात मी बोलत नाही. पण यांनी लिहायला हात पुढे केला आणि तू अडवलास, ते त्यांना लागलंय. शनिवारी राखी आहे. मेघाला घेऊन ये, जेव, मुक्काम कर, आणि या वेळी यांनी काही दिलं तर घे.

उभ्या संसारात यांनी मला नाव घेऊन कधी हाक मारली नाही, जरा खाकरायचे फक्त. आता कारण नसताना बोलावतात. कडुलिंबावर खार आली, बोलाव. ऊन पडलं, बोलाव. मी लटकंच रागावते आणि जाते. हे लिहितानाही टॅब लाल झालाय, तेव्हा थांबते. इकडे बठ्ठं बरं शे, सगळं नीट चाललंय. लोभ आहेच, तो शनिवारी इथे येऊन वाढव.

तुझी,
अक्का