टिकली जागची हलणार नाही

मंगळवार, दिवेलागण. गोडदेव.

लिही गं सविता, आणि माझ्या शिव्या गाळू नकोस. तक्रार सुनेची आणि लिहायलाही तीच सून, पण मला अक्षर येत नाही, त्याला काय करू?

ऑफिसचं काम अडतंय म्हणून हिनं सकाळी लॅपटॉपवरचा तो मेला ब्राउझर नवा करून घेतला. मला विचारलं? माझी अक्का गेली, पण तिच्या जात्यावरच्या ओव्या कॉलेजच्या बाईंनी टेप करून इंटरनेटवर ठेवल्यात. कुठं दाबलं की अक्का गाते ते कळावं म्हणून मी पडद्यावर लाल टिकली चिकटवलीय. रोज संध्याकाळी, कुणाच्या पाया न पडता, माझी मी ऐकत होते. आज बाण टिकलीपाशी नेऊन दाबलं, तर नुसता पांढरा चौकोन.

"आई, ते पान जुनं झालंय. नवा ब्राउझर ते वाजवतच नाही. कॉलेजवाल्यांनी बदलायला पाहिजे."

"मग जुना परत आण!"

"ऑफिसवाले जुना चालू देत नाहीत."

का? अक्कानं ऑफिसचं काय खाल्लं? बिचारी दळण दळत गातेय, कुणाच्या फायलीला हात तरी लावला तिनं? हसू नकोस, लिही.

कॉलेजला कळवते म्हणाली. कळवलं का? उद्या परत विचारणार.

मघाशी पडदा पुसताना हिनं टिकली काढायला घेतली. मी हातच धरला. टिकली राहील तिथंच. त्या बटणाला म्हणावं, तू ये तिच्याखाली.