मेंगियाआत्याचा गुडघा आणि निळं बीकन

ती. मेंगियाआत्यास,

उर्सिनाचा मांडीभर बर्फातून नमस्कार. गुडघा कसा आहे? मांजर कशी आहे? आम्ही मजेत, बाबा सोडून. कारण यंदा मी लिफ्टने जाणार नाही. स्वतःच्या पायांनी चढून मागच्या डोंगरावरून स्की करत उतरणार! बाबांची एकच अट: आधी बीकन घे, म्हणजे बर्फ कोसळून गाडली गेलीस तर त्याच्या सिग्नलवरून निदान सापडशील. (त्यांचं प्रेम असंच असतं.)

म्हणून तू दिलेलं जुनं बीकन चालू करून बघितलं (चालतं, पण फारच जुनं), सॅकमध्ये टाकलं आणि नवं घ्यायला तुमासच्या स्कीच्या दुकानात गेले. तिथे काचेमागे एक निळं होतं, आत्या! सूर्य यायच्या आधी बर्फ निळा दिसतो ना, सेम तसं. मी उभ्याउभ्या मनाने शिखरावर पोचले. खाली लार्चची झाडं मुंगीएवढी, कुठे आवाज नाही, आणि छातीवर ते निळं हळूच लुकलुकतंय. तुमास म्हणाला, "अगं पोरी, रंग काय बघतेस? बर्फाखाली तुला तो दिसणारे का? हातमोजे घालून बटणं दाबता येतात का ते बघ." मग प्रॅक्टिस म्हणून त्याने मागच्या आवारात एक बीकन पोत्यात घालून पुरलं आणि म्हणाला, "शोध आता."

मी निळं शोधायच्या बटणावर टाकून निघाले. स्क्रीनवर अंतर: एक मीटर! खणलं. काही नाही. गोठ्यापाशी गेले, तिथेही एक मीटर. खणलं. शेण. (गोठलेलं होतं, काळजी नको.) कुंपणापाशी, पाण्याच्या कुंडापाशी, जिथे जावं तिथे तेच. मला तर स्वप्नात असल्यासारखं वाटायला लागलं. बर्फाखालून कुणीतरी माझ्या पावलाला पाऊल लावून चालतंय. सिरियसली, भीती नाही वाटली, छान वाटलं. शेवटी तुमासने माझी सॅक उघडली. तुझं जुनं बीकन! मी ते बंद करायलाच विसरले होते. "मगापासून मेंगियालाच शोधतेयस की!" म्हणत तो खोकला येईपर्यंत हसला. मग डोळे पुसून त्याने विचारलं, "बरं, तू गाडली गेलीस, तुझं बीकन हाका मारतंय. ऐकायला वर कोण आहे?"

माझ्या मैत्रिणींना लिफ्ट लागते, आणि वर पोचल्यावर गरम चॉकलेट. तुमासने निळं माझ्या हातातून काढून काचेमागे ठेवलं. "एकटीला विकत नाही मी. सोबत आण, मग ये."

असो. तब्येतीला जप. मांजरीला माझा नमस्कार.

तुझीच,
उर्सिना

ता. क. : तीन हिवाळे तुझी स्की माळ्यावर आहे, गुडघ्यामुळे म्हणे. पण काल मी तुला छपरावर चढून बर्फ ढकलताना बघितलं. वर गाणं पण म्हणत होतीस.

दुसरा ता. क. : दोन घेते म्हटल्यावर तुमासने विकली. एक या पत्राला बांधलंय.

तिसरा ता. क. : चालू करून बघ ना. माझं शोधायच्या बटणावर आहे, मला लगेच कळेल. तुझ्या दाराबाहेरच्या बाकावर स्की घेऊन बसलेय. बूड गोठलंय. लवकर सापड.